काळं ऑइल : एका जुन्या जीपच्या निमित्ताने

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. विळा, कोयता, कुदळ यांच्या रांगेत रिंग पान्यांचा एक जुना संच आणि ग्रीसची गन मांडलेली असते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला जीपला झेंडूचा हार पडतो. हे सगळं आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं आहे. दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या एखाद्या रविवारी मी जीपखाली आडवा होऊन इंजिनचं ऑइल आणि फिल्टर बदलतो. हा नेम मात्र माझा आहे. आबांच्या वेळी तो नव्हता, आणि नव्हता याची किंमत आम्ही एका उन्हाळ्यात मोजली होती.

आबा गगनबावडा ते कोल्हापूर वडाप करायचे. वडाप हा शब्द पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना नवा असेल. एस. टी. येत नाही, किंवा येते पण भरून जाते, अशा मार्गांवर माणशी पैसे घेऊन चालणारी जीप म्हणजे वडाप. आबांनी १९९१ साली जुन्या बाजारातून महिंद्राची एमएम ५४० घेतली. चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना यामागचं कारण सांगायला नको. डांबरी रस्ता सोडून वाडीवर जायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी गाडी चिखलातून निघत नसे.

आबा गाडीला जपत. रोज सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढायची, फडक्याला पुसायची, पुन्हा घालून पातळी पाहायची, कमी असेल तर भर टाकायची, हे देवपूजेइतकं ठरलेलं. पण ऑइल ‘बदलायला’ त्यांचा जीव होत नसे. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. “आरं, आज घातलेलं ऑइल उद्या काळं. मग पाच हजाराला बदल न्हाईतर दहा हजाराला, काळं ते काळंच. दुकानदाराचं भलं करायला बदलायचं व्हय?” मी त्या वेळी यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वंगणाचा धडा शिकून झालेला होता. परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी गुणही होते. आबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं नाही, कारण ते म्हणत होते ते डोळ्यांना दिसत होतं.

मे १९९६. लग्नसराई. वैभववाडीहून वऱ्हाड घेऊन करूळ घाट चढताना इंजिनातून खट्-खट् असा आवाज येऊ लागला, ऑइल प्रेशरचा काटा खाली आला आणि आबांनी वळणावर गाडी थांबवली. ट्रकला बांधून ती कोल्हापूरला उद्यमनगरात आणली. इंजिन उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग घासून त्याचा तांबूस थर दिसत होता आणि क्रँकवर नखाला लागतील असे चरे पडले होते. मिस्त्रींनी ऑइल फिल्टरचा पत्रा कापून आतला कागद उलगडला. घड्यांच्या मध्ये काळा लगदा गच्च बसला होता. ते आबांना काही बोलले नाहीत, फक्त तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. क्रँक घासून घेणं, नवी बेअरिंगं, मजुरी, आणि ऐन हंगामात तीन आठवडे उभी राहिलेली गाडी. दोन म्हशींपैकी एक विकावी लागली. आबांनी तो प्रश्न नंतर कधी विचारला नाही. त्यांचा प्रश्न सुटला म्हणून नव्हे, विचारायची हिंमत राहिली नाही म्हणून.

पुढे मी तीस वर्षं पदविकेच्या मुलांना हाच विषय शिकवला. आबा आता नाहीत. जीप आहे, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून मी ती ठेवली आहे. हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

भार तेल उचलतं

आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचं एक नळकांडं लटकत असे. चाक करकरू लागलं की आजोबा उतरून आखाला वंगण लावायचे. वंगण म्हणजे घासणाऱ्या दोन वस्तूंना बुळबुळीत करणारी गोष्ट, ही आपली समजूत तिथूनच आलेली आहे. बैलगाडीच्या वेगाला ती पुरेशी खरी आहे. पण इंजिनमध्ये तेल जे काम करतं ते वेगळ्याच जातीचं आहे, आणि ते माणसाला कळलं तेही अपघातानं.

इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमाराला ब्यूशँप टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या डब्यांच्या आसांवर प्रयोग करत होते. आस फिरतो, त्याच्या वर धातूचं बेअरिंग बसलेलं, आणि डब्याचा सगळा भार त्या बेअरिंगवर. तेल ओतण्यासाठी टॉवर यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरू लागल्यावर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागलं. त्यांनी बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग त्यांनी तिथे दाबमापक लावला. तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक निघाला. म्हणजे धातू धातूवर टेकलेलाच नव्हता. फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबत होता, आणि कोंबलेलं तेल पाचरीसारखं वरचा सगळा भार उचलून धरत होतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये या पाचरीचं गणित मांडलं. आजही बेअरिंगची रचना त्याच समीकरणावर होते.

इंजिन चालू असताना क्रँक असाच तेलावर तरंगतो. ऑइल पंप भार उचलत नाही, तो फक्त तेल पोहोचवतो. भार उचलते ती पाचर, आणि ती क्रँकच्या फिरण्यातून तयार होते. भार पडेल तसा हा थर दबतो आणि सर्वांत पातळ जागी एखाद-दोन मायक्रॉनच उरतो. माणसाचा केस साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून कल्पना यावी. पाचर टिकायची तर तीन गोष्टी लागतात: तेल पोहोचत राहिलं पाहिजे, त्याचा दाटपणा योग्य पाहिजे, आणि त्या थरापेक्षा जाड, कठीण कण त्यात नसले पाहिजेत. आबा रोज सकाळी पट्टीवर जे पाहत होते ती यातली फक्त पहिली गोष्ट होती.

काळं का होतं?

आमच्या जीपचं इंजिन फ्रेंच घराण्यातलं आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, त्या जीप पेट्रोलवर चालत. डिझेलची गरज वाढली तशी महिंद्रानं १९७९ मध्ये प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर (नावातला ४.९० तो हाच), एकूण २,११२ सीसी. यात डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जात नाही. आधी माथ्यातल्या एका छोट्या कोठडीत पेट घेतं आणि मग ज्वाळा सिलिंडरमध्ये उतरते.

पेट्रोल हवेत आधी मिसळून मग जळतं. डिझेलचं तसं नाही. फवाऱ्यातल्या थेंबाभोवती जिथे हवा कमी पडते तिथे इंधन अर्धवट जळतं आणि काजळी होते. बरीचशी काजळी धुराबरोबर बाहेर जाते. उरलेली सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलात अडकते, आणि पिस्टनच्या रिंगा ती खरवडून खाली चेंबरमध्ये आणतात. काजळीचा मूळ कण साधारण २० ते ५० नॅनोमीटरचा असतो. फिल्टरचा कागद जे कण भरवशानं पकडतो ते २० ते ४० मायक्रॉनचे, म्हणजे सुमारे हजारपट मोठे. खडी चाळायच्या जाळीतून चुलीची राख चाळायला घ्यावी, तसा हा मामला आहे. म्हणून फिल्टर कितीही नवा असला तरी डिझेल इंजिनचं ऑइल काळंच राहणार.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑइलमध्ये नुसतं तेल नसतं. त्यात जी रसायनं मिसळलेली असतात त्यांपैकी एकाचं काम काजळीचे कण सुटे ठेवणं हे असतं. इंग्रजीत त्याला डिस्पर्संट म्हणतात, आपण ‘विखुरक’ म्हणू. त्याच्या रेणूचं एक टोक काजळीला धरतं आणि लांब शेपूट तेलात राहतं. रिठ्याच्या पाण्यात मळ सुटून तरंगत राहावा तसा काजळीचा प्रत्येक कण वेगळा तरंगत राहतो. सुटा कण थराच्या जाडीपेक्षा पुष्कळ लहान असल्यामुळे बेअरिंगमधून निर्धास्त निघून जातो. त्यात ऑइल काढताना चेंबरच्या तळाशी, वाहिन्यांत, कोपऱ्याकोपऱ्यांत जुनं ऑइल थोडं राहतंच. त्यातली काजळी नव्या ऑइलला पहिल्या तासातच काळं करते.

तेव्हा आबांचं निम्मं म्हणणं बरोबर होतं. काळेपणा हा ऑइल खराब झाल्याचा पुरावा नाही. उलट, डिझेल इंजिनात घातलेलं ऑइल काळं झालं म्हणजे ते मळ उचलतं आहे. चूक होती ती पुढच्या अनुमानात. रंग बदलत नाही म्हणून आत काहीच बदलत नाही, असं ते धरून चालले होते.

आत पुष्कळ बदलत असतं. विखुरकाची क्षमता ठरलेली असते. ती संपली की काजळीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात, ऑइल दाट होतं आणि लगदा साचू लागतो. डिझेलमधलं गंधक जळून, पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनतं. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कधर्मी रसायन असतं, तेही खर्च होत जातं. नव्वदच्या दशकाच्या आरंभी आपल्याकडच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ती मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे, म्हणजे हजारपट कमी. आबांच्या ऑइलला आजच्यापेक्षा कितीतरी अधिक आम्लाशी झुंजावं लागत होतं. याशिवाय थंड इंजिनात पाणी आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि गरम ऑइल हवेशी संयोग पावून हळूहळू जून होतं. यातलं काहीही पट्टीवर दिसत नाही. पातळी तीच, रंग तोच.

मग ओळखायचं कसं? एक घरगुती चाचणी मी मुलांना करायला लावत असे. गरम इंजिनमधली पट्टी काढून ऑइलचा एक थेंब टीपकागदावर सोडायचा आणि कागद आडवा ठेवून रात्रभर तसाच राहू द्यायचा. काळा रंग मधून कडेकडे फिकट होत सारखा पसरला, तर विखुरक जिवंत आहे. मध्ये घट्ट काळा ठिपका, त्याची कड स्पष्ट, आणि भोवती नुसत्या तेलाचं फिकट वर्तुळ असं दिसलं, तर काजळी गोळा होऊ लागली आहे. ऑइल बदलायची वेळ झाली, बहुधा टळून गेली. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण आबांना हे दाखवता आलं असतं.

फिल्टर कोणासाठी?

काजळी पकडत नाही तर फिल्टर हवा कशाला? तर धातूचे कण, बाहेरची धूळ, कार्बनचे कपचे आणि काजळीच्या गुठळ्या यांच्यासाठी. बेअरिंगच्या थरापेक्षा जाड असलेलं सगळं. पूर्वीच्या मोटारींना ऑइल फिल्टर नव्हताच. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी १९२३ च्या सुमाराला ‘प्युरोलेटर’ या नावानं तो आणला. सुरुवातीचे फिल्टर ऑइलचा थोडाच भाग गाळत. पुढे पंपातून निघालेलं सगळं ऑइल आधी फिल्टरमधून जाईल अशी रचना रूढ झाली.

याच रचनेत आबांच्या बेअरिंगचा घात आहे. सगळं ऑइल फिल्टरमधून जाणार म्हटल्यावर फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडं पडेल. म्हणून तिथे स्प्रिंगची एक झडप असते. कागदातून ऑइल जायला फार जोर लागू लागला की ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाऊ देते. ऑइल न मिळण्यापेक्षा मळकं मिळालेलं बरं, असा हा हिशोब. तो बरोबरच आहे, पण झडप उघडल्याची वर्दी कोणी देत नाही. प्रेशरचा काटा जागच्या जागी असतो, आवाज तोच असतो. आबांनी त्या वर्षी दोनदा ऑइल बदललं होतं, आणि दोन्ही वेळा पैसे वाचवायला फिल्टर जुनाच ठेवला होता. नव्या ऑइलनं जुना लगदा सोडवला, तो फिल्टरवर जाऊन बसला, झडप उघडी राहिली आणि सगळी कचकच बेअरिंगच्या मऊ थरात जाऊन रुतली. ऑइल आणि फिल्टर ही जोडी आहे. एक बदलून दुसरं ठेवलं तर नव्याचेही पैसे वाया जातात.

आणखी एक चूक आबांची नव्हती, मोजण्याच्या पद्धतीची होती. किलोमीटरचा आकडा चाकांकडून येतो, ऑइल मात्र इंजिनच्या फेऱ्यांनी झिजतं. फोर व्हील ड्राइव्हला हळू गिअरचा एक जादा डबा असतो. चिखलात तो लावला की तेवढ्याच अंतरासाठी इंजिन सुमारे अडीचपट फिरतं. शिवाय वडापची जीप थांब्यावर प्रवासी भरेपर्यंत चालूच असते. घाटात, चिखलात आणि थांब्यावर काढलेले पाच हजार किलोमीटर महामार्गावरच्या पाच हजारांपेक्षा कितीतरी मोठे असतात. म्हणून माझा नेम पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी येईल ते, असा आहे. पावसात गाडी फार राबली तर त्याच्याही आधी.

प्रत्यक्ष काम

आधी ऑइलची निवड. डब्यावर १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सियसला ते किती दाट राहतं ते. आपल्या हवेत जुन्या डिझेल जीपला हा दर्जा चालतो. शेजारी एपीआय सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ अशी अक्षरं असतात. ‘सी’ म्हणजे डिझेल इंजिनासाठी, आणि पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितका काजळी सांभाळण्याचा कस साधारणपणे अधिक. केवळ ‘एस’नं सुरू होणारं पेट्रोल गाडीचं ऑइल डिझेलला घालू नये.

गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणावी. कोमट ऑइल पातळ होतं आणि मळ घेऊन उतरतं. थंड इंजिनचा मळ तळाशीच बसून राहतो, आणि फार तापलेलं ऑइल हात भाजतं. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. जुन्या जीपचं एक सुख असं की ती उंच असते, जॅक लावावा लागत नाही. पोतं अंथरून खाली सरकता येतं. हातमोजे घालावेत, त्याचं कारण पुढे येतंच.

चेंबरचा नट सैल करण्याआधी वर ऑइल भरायचं झाकण उघडून ठेवावं, म्हणजे धार सरळ पडते. नट शोधताना घाई करू नये. या जीपखाली इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचा-मागचा क्राऊन अशी निरनिराळी ऑइलं निरनिराळ्या पोटांत असतात. भलताच नट उघडून गिअरबॉक्स रिकामा करणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. नेमक्या मापाचा रिंग पाना घ्यावा, साध्या पान्यानं नटाचे कोपरे गोल होतात. शेवटचे आटे बोटांनी फिरवावेत, नट वर दाबून धरावा आणि एकदम बाजूला घ्यावा. अर्धा तास निथळू द्यावं.

निथळणारं ऑइल वाचावं, असं मी मुलांना सांगे. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. ओढा खोल पाण्यातून ओलांडला असेल किंवा हेड गॅस्केट गेलं असेल. डिझेलचा उग्र वास आणि वाढलेली पातळी दिसली तर इंधन गळत आहे. उन्हात धरल्यावर चमचम दिसली तर धातू झिजतो आहे. राखाडी चमक लोखंडाची, तांबूस चमक बेअरिंगची. आमच्या गाडीतलं ऑइल त्या उन्हाळ्याआधी असं कुणी उन्हात धरलं असतं तर म्हैस राहिली असती.

फिल्टर पट्ट्याच्या पान्यानं उघडावा. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याची रस्त्यावरची युक्ती पत्रा फाडते आणि बुडखा तसाच अडकवून ठेवते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का, हे बोटानं चाचपून पाहावं. ती इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली तर दाबानं सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येतं. नव्या रिंगेला नव्या ऑइलचं बोट फिरवावं. फिल्टर उभा बसत असेल तर तो ऑइलनं भरूनच लावावा. रिंग टेकली की हातानं आणखी पाऊण फेरा पुरतो. पाना वापरायचा तो काढताना, लावताना नाही. चेंबरच्या नटाला नवा तांब्याचा वायसर घालावा आणि बेतानं आवळावा. अंगातली सगळी ताकद लावणाऱ्यांच्या चेंबरचे आटे जातात.

ऑइल भरताना डब्यावरच्या लिटरांपेक्षा पट्टीवर विश्वास ठेवावा. आधी खालच्या खुणेच्या थोडं वरपर्यंत भरावं. आता एक गोष्ट, जी फक्त जुन्या डिझेलला करता येते. इंजिन बंद करायचा नॉब बाहेर ओढून धरावा आणि पाच-सहा सेकंद स्टार्टर मारावा. डिझेल बंद असल्यामुळे इंजिन पेट घेत नाही, नुसतं फिरतं, आणि भार येण्याआधी पंप ऑइल फिल्टरमध्ये आणि वाहिन्यांत भरून घेतो. मग नॉब सोडून गाडी चालू करावी. प्रेशरचा काटा उठेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. दोन मिनिटांनी खाली वाकून गळती पाहावी, इंजिन बंद करावं, पाच मिनिटं थांबून पट्टी पाहावी आणि वरच्या खुणेपर्यंत भर टाकावी. खुणेच्या वर नको, कारण मग क्रँक ऑइल घुसळतो आणि फेस होतो. फार खालीही नको. चढावर गाडी तिरकी झाली की ऑइल चेंबरच्या एका टोकाला जातं आणि पंपाच्या तोंडी हवा येते. घाटातल्या गाडीला अर्धा लिटर कमी असणं सपाटीवरच्यापेक्षा महाग पडतं.

शेवटी वहीत तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा दर्जा लिहावा. मी त्या पानाला टीपकागदाचा तुकडाही चिकटवतो.

उरलेल्या डब्याचं काय?

आता परातीत पाचेक लिटर काळं ऑइल आहे. आमच्या भागात त्याला जळकं ऑइल म्हणतात, आणि ते वाया जात नाही. वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटींना, वाशांना लावतात. कुंपणाच्या खांबांना लावतात. गोचिडांसाठी जनावरांच्या अंगाला चोळतात. आमच्या गोठ्यातही त्याचा डबा असे, आणि मी लहानपणी उघड्या हातानं ते वाशांना लावलेलं आहे.

हे थांबवायला हवं. वापरलेल्या ऑइलमध्ये अर्धवट जळणातून आलेली वलयी कर्बसंयुगं साचतात, आणि त्यांतली काही कर्करोग घडवतात. लँकाशायरच्या कापड गिरण्यांत चात्यांच्या खनिज तेलानं रोज कपडे भिजणाऱ्या कामगारांना त्वचेचा कर्करोग होत असे, हे वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. हातमोजे घालायचे ते यासाठी. कातडीतून, वाशांवरून, गोठ्यातल्या जमिनीतून हे ऑइल शेवटी माणसापर्यंत आणि विहिरीपर्यंत येतंच. आपल्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं, आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं.

आणि इथे आबांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. मूळ तेल खरोखरच फारसं संपलेलं नसतं. संपतात ती त्यातली रसायनं, आणि साचतो तो मळ. पाणी, डिझेल आणि मळ काढून, निर्वात ऊर्ध्वपातन करून त्यातून पुन्हा चांगलं मूळ तेल मिळवता येतं. फेकून द्यायला जीव होत नव्हता, त्या भावनेत काही चूक नव्हती. फक्त ते तेल पुन्हा वापरण्याची जागा आपलं इंजिन नव्हती आणि आपला गोठाही नव्हता. मी डबा झाकण लावून उद्यमनगरातल्या एका गॅरेजला देतो. तिथे मोठं पिंप भरलं की परवानाधारक माणूस येऊन घेऊन जातो.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. दरवर्षी मी जीपखालून बाहेर आलो की ती ओट्यावरून सांगते, “बाटलीभर ठेव रं, चौकटीला लागतंय.” दरवर्षी मी नाही म्हणतो, आणि चौकटीला बोरॅक्स-बोरिकचं पाणी मारून देतो. या वर्षी तिनं वेगळं विचारलं. “न्हाई म्हणतोस ते म्हणतोस, पर त्यात असतंय तरी काय एवढं?”

मी हात पुसले, वही आणली आणि तिच्या शेजारी बसून तिला टीपकागदावरचे ठिपके दाखवायला सुरुवात केली.